खडकीपासून विद्यानगरीपर्यंत

ज्या नगरांत आपण प्रपंच करतों, जेथें आपलीं मुलें शिकतात व जेथें आपला धर्मग्राम उभा राहिला, त्या नगराची पूर्वपीठिका जाणून घेणें हें प्रत्येक सुजाण माणसाचें कर्तव्य होय. ज्युबिलीचें वर्ष हें मागें वळून पाहण्याचें वर्ष. अशा वेळीं आपल्या मंदिराचा, आपल्या गुरुजनांचा व आपल्या शाळेचा इतिहास लिहिला जातो, आणि तो लिहिला जावा हें योग्यच आहे. परंतु मंदिर कांहीं अधांतरीं उभें नसतें. तें एका नगरांत उभें असतें. त्या नगराचें पाणी पिऊन व त्याच्या बाजारांत कष्ट करून आपलीं कुटुंबें वाढलेलीं असतात. म्हणून या स्मारक अंकांतील कांहीं पृष्ठें आम्हीं छत्रपति संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचें औरंगाबाद, या नगराच्या इतिहासास देण्याचें योजिलें आहे.

हें नगर आजवर दोनदां वाढलें. पहिल्यानें तें राजदरबारामुळें वाढलें, आणि दरबार उठून जातांच ओसरलें. दुसऱ्यानें तें विद्येमुळें वाढलें, आणि ती वाढ अद्याप चालू आहे. एकाच भूमीवर झालेल्या या दोन वाढींत भेद कोणता, व त्या भेदापासून आपण काय घ्यावें, हें दाखविणें हाच या लेखाचा हेतु होय.

दरबाराचें नगर

इ. स. १६१० च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी मलिक अंबर यानें खाम नदीच्या परिसरांतील खडकी नांवाच्या खेड्याच्या जागीं नवें शहर वसविलें. मलिक अंबर हा मूळचा हबसाणांतला. बालपणीं गुलाम म्हणून विकला जाऊन तो दक्खनेंत आला आणि आपल्या बुद्धीच्या व शौर्याच्या बळावर एका राज्याचा आधारस्तंभ झाला. दिल्लीच्या मोगलांस त्यानें आपल्या हयातींत दक्षिणेंत सुखानें पाय रोवूं दिले नाहींत. १६२४ च्या भातवडीच्या प्रसिद्ध लढाईंत शहाजीराजे भोसले हे त्याच्याच बाजूनें लढले. अशा या पुरुषानें नगर वसवितांना मोठा विचार केला तो पाण्याचा. उत्तरेकडील डोंगरांच्या पोटांत झिरपणारें पाणी एकत्र करून तें भुयारी नहरींतून व खापरी नळांतून त्यानें शहरांत आणिलें. वाटेंत हवा खेळावी व गाळ काढतां यावा म्हणून ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले. ना मोट, ना रहाट. केवळ जमिनीच्या उतारावर हें पाणी चालत आलें, आणि पुढें कित्येक पिढ्यांनीं त्यावर आपली तहान भागविली. ‘नहर-ए-अंबरी’ या नांवानें ही योजना प्रसिद्ध आहे.

१६२६ सालीं मलिक अंबर वारला. त्याचा पुत्र फत्तेखान यानें शहरास फत्तेनगर असें नांव दिलें. पुढें निजामशाही बुडाली, आणि दक्षिणेच्या सुभेदारीवर आलेल्या शाहजादा औरंगजेबानें १६५३ सालीं शहराचें नांव औरंगाबाद ठेविलें. तें नांव तीनशें सत्तर वर्षें चाललें. २०२३ सालीं केंद्र सरकारच्या संमतीनें छत्रपति संभाजीनगर हें सांप्रतचें नांव आलें. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद, संभाजीनगर: प्रत्येक नांवाबरोबर नगराच्या इतिहासाचें एक पान उलटलें आहे.

मोगलांच्या काळांत नगराचें वैभव शिखरास पोहोंचलें. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम ही १६५७ सालीं वारली. तिच्या स्मरणार्थ उभा राहिलेला बीबीचा मकबरा आज देशोदेशींचे प्रवासी पाहावयास येतात. अताउल्ला हा त्याचा शिल्पकार व हंसपतराय हा स्थापत्यकार. सहा लक्ष अडुसष्ट हजारांवर रुपये त्यास लागले अशी नोंद आहे. ताजमहालाशीं तुलना करून त्यास उणें लेखण्याची अनेकांस खोड आहे. परंतु पावसाळ्यांत मागील डोंगर हिरवे झाले असतां जो कोणी मकबऱ्यापुढें उभा राहील, त्यास अशी तुलना करण्याची इच्छा उरणार नाहीं. १६८२ सालीं शहराभोंवतीं तट बांधला गेला. ‘बावन दरवाजांचें शहर’ हा लौकिक या तटाच्या व आंतल्या-बाहेरच्या पुऱ्यांच्या वेशींमुळें झाला. हे पुरे म्हणजे बादशाही सरदारांच्या छावण्यांतून वाढलेल्या वस्त्या. बिकानेरच्या कर्णसिंहावरून कर्णपुरा, पदमसिंहावरून पदमपुरा, जोधपूरच्या जसवंतसिंहावरून जसवंतपुरा, बुंदेला पहाडसिंहावरून पहाडसिंगपुरा. राजपुतान्याचीं व बुंदेलखंडाचीं नांवें मराठवाड्याच्या मातींत अशीं रुजलीं.

जेथें दरबार तेथें कलावंत, हा नियमच आहे. उर्दू कवितेचा आद्य पुरुष म्हणून ज्यास मान आहे तो वली याच नगराचा. सिराज हा दुसरा थोर कविही येथलाच. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेलें हिमरू, तसेंच मशरू, हीं वस्त्रें येथल्या मागांवर निघूं लागलीं. जवळच्या पैठणांत पैठणीचा माग तर त्याहून जुना. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत डोंगरांतील झऱ्याचें पाणी नळांनीं आणून उंचावरून सोडलें, व त्याच्या वेगानें जातें फिरवून फकीर-फुकऱ्यांसाठीं व गोरगरिबांसाठीं दळण दळलें, तीच पाणचक्की.

ओसरलेलें नगर

१७०७ सालीं औरंगजेब वारला. खुलताबादेस त्याचें दफन झालें. १७२४ सालीं निजाम-उल-मुल्क असफजहा यानें दक्षिणेंत आपली स्वतंत्र सत्ता स्थापिली, व कांहीं काळ औरंगाबाद हीच तिची राजधानी होती. परंतु १७६३ सालीं निजामअल्लीनें राजधानी हैदराबादेस नेली, आणि येथून नगराच्या ओहोटीस आरंभ झाला.

दरबार गेला म्हणजे केवळ राजा गेला असें नव्हे. त्याच्यामागें सरदार गेले, सरदारांमागें त्यांचा लवाजमा गेला. जवाहिऱ्यांचीं गिऱ्हाइकें गेलीं, अत्तरवाल्यांचीं गेलीं, आणि हिमरूचा माग चालविणाऱ्या विणकरास आपलें उंची वस्त्र कोणास विकावें असा प्रश्न पडला. हवेल्या पडक्या झाल्या, तटाच्या भिंती ढांसळल्या. इंग्रजी अमदानींत येथें छावणी पडली, १८८९ सालीं कापडाची गिरणी निघाली, १९०० सालीं मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी येथून धांवूं लागली. तरीही नगर पूर्वपदास आलें नाहीं. १९५१ च्या खानेसुमारींत येथील लोकवस्ती सुमारें सहासष्ट हजार भरली. एके काळीं मोगल साम्राज्याची दक्षिणेंतील राजधानी असलेल्या शहराची ही गत!

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या पहिल्या वाढींत नगरानें स्वतःच्या बळावर कांहींच मिळविलें नव्हतें. वैभव वरून आलें आणि वरच्या हुकुमानेंच निघून गेलें. आसपासच्या खेड्यांतील कुणबी, महार, मांग, कोळी, वंजारी यांस त्या वैभवाचा वांटा म्हणून काय मिळाला, तर सारा भरण्याचा मान!

विद्येची तहान

आतां विद्येकडे वळूं. या भूमीस विद्या नवी नव्हे. येथून सुमारें पन्नास किलोमीटरवर गोदातीरीं पैठण आहे. तें सातवाहनांचें प्रतिष्ठान नगर व पुढें शास्त्रीपंडितांचें पीठ. परंतु त्या पीठाचें दार सर्वांस उघडें नव्हतें. संन्याशाचीं मुलें म्हणून वाळींत पडलेल्या ज्ञानदेवादि भावंडांस शुद्धिपत्रासाठीं पैठणच्या ब्रह्मसभेपुढें उभें राहावें लागलें, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? त्याच पैठणांत सोळाव्या शतकांत एकनाथ महाराज झाले, आणि शास्त्रांत कोंडलेलें ज्ञान त्यांनीं मराठींत आणून लोकांच्या अंगणांत ठेविलें. विद्येचें दार लावून घेणारे व तें उघडणारे, असे दोन्ही पक्ष या भूमीनें पाहिले आहेत.

निजामी राजवटींत मराठवाड्याच्या मुलांपुढें अडचण निराळी होती. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें म्हणून त्याचें कौतुक झालें व तें अनाठायीं नव्हतें. परंतु ती भाषा उर्दू होती. ज्या मुलाच्या घरीं मराठी, शेतावर मराठी, देवळांत मराठी, त्यानें न्यायशास्त्र व रसायन उर्दूंत शिकावयाचें! औरंगाबादेंत १९१५ सालीं सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेनें मराठी मुलांच्या शिक्षणाचा दिवा तेवत ठेविला. १९२३ सालीं सरकारी इंटरमीजिएट कॉलेजही निघालें. तथापि पदवीसाठीं मुलास हैदराबाद, पुणें, नागपूर वा मुंबई गांठावी लागे. तो खर्च ज्याच्या बापास झेपे तोच मुलगा शिके. बाकीचे नांगरामागें जात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपुष्टांत आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं ज्यांनीं तुरुंगवास भोगिला, त्यांच्यापैकीं गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या अनेकांनीं पुढें शिक्षणसंस्थांच्या कामास वाहून घेतलें. राजकीय स्वातंत्र्य आलें. आतां विद्येचें स्वातंत्र्य हवें होतें.

नागसेनवन

तें आणण्यास जो पुरुष पुढें सरसावला त्याचें नांव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली होती व तिच्या वतीनें मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय चालविलें होतें. दुसरें महाविद्यालय काढण्यासाठीं त्यांनीं मुंबई-पुण्यासारखें सधन ठिकाण निवडलें नाहीं. मराठवाड्यासारखा शिक्षणांत सर्वांत मागासलेला मुलूख निवडला. जून १९५० मध्यें औरंगाबादेंत वर्ग सुरू झाले, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें इमारतीची कोनशिला बसली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य. परिसरास नागसेनवन व महाविद्यालयास मिलिंद अशीं नांवें दिलीं गेलीं. मिलिंद म्हणजे यवन राजा मिनँडर. हा राजा मोठा वादपटु. पंडितांस प्रश्न विचारून निरुत्तर करण्याची त्यास हौस. अखेर नागसेन नांवाच्या भिक्षूनें त्याच्या प्रश्नांचीं समर्पक उत्तरें दिलीं, व राजा त्याच्यापुढें नम्र झाला. महाविद्यालयास राजाचें नांव द्यावें आणि ज्या वनांत तें उभें राहिलें त्यास गुरूचें द्यावें, यांतील औचित्य वाचकांच्या ध्यानीं येईलच.

आपल्या वाचकांस येथें यूरोपांतील एक उदाहरण आठवेल. तेराव्या शतकांत पॅरिस नगरांत विद्यार्थ्यांची दाटी झाली होती. परंतु राहण्याजेवण्याचा खर्च न झेपल्यानें गरीब मुलें मागें पडत. तेव्हां संत लुई राजाचे एक धर्मगुरु रॉबेर द सोर्बों यांनीं १२५७ च्या सुमारास गरीब विद्यार्थ्यांसाठीं एक निवासी महाविद्यालय काढलें. त्या लहानशा वसतिगृहाचें नांव ‘सोर्बोन’. पुढें तेंच नांव पॅरिसच्या विद्यापीठानें जगभर मिरविलें. थोर विद्यापीठें राजवाड्यांतून निघत नाहींत. गरीब मुलाच्या निजण्याची व जेवणाची सोय कोणी तरी करतो, तेथून तीं निघतात. नागसेनवनाची कथा याच जातीची आहे. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याचा मुलगा येथें ट्रंक घेऊन आला, वसतिगृहांत राहिला, ग्रंथालयांत बसला, आणि पुढें प्राध्यापक, वकील, लेखक होऊन बाहेर पडला. गंगाधर पानतावणे यांचें ‘अस्मितादर्श’ हें नियतकालिक याच नगरांतून निघालें, व मराठी दलित साहित्यास त्यानें मोठें व्यासपीठ मिळवून दिलें.

विद्यापीठ व त्याचें नांव

२३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. मुंबई विद्यापीठाच्या कारभारांत मुरलेले सुं. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरु झाले. शहराच्या वायव्येस, डोंगराच्या पायथ्याशीं विद्यापीठास विस्तीर्ण जागा मिळाली. शेजारीं सतराव्या शतकांतील सोनेरी महाल, व वर डोंगरांत सहाव्या-सातव्या शतकांतील बौद्ध लेणीं. जेथें तेराशें-चौदाशें वर्षांपूर्वीं भिक्षु अध्ययन करीत, त्याच डोंगराच्या कुशींत पुन्हां अध्ययनाचा घोष सुरू झाला. त्याच सुमारास व त्यानंतर इतर संस्थाही झपाट्यानें उभ्या राहिल्या. १९५६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, १९६० सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय व देवगिरी महाविद्यालय, आणि १९६३ सालीं डॉ. रफीक झकेरिया यांच्या पुढाकारानें मौलाना आझाद महाविद्यालय. एका पिढीच्या आंत, पदवीसाठीं दूरदेशीं जाण्याची गरज संपली.

परंतु विद्येचें दार उघडलें म्हणजे मनाचेंही दार उघडतें असें नाहीं. ही गोष्ट सांगणें सुखाचें नाहीं, तरी ती टाळणें हा इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव संमत केला. त्यावर मराठवाड्याच्या गांवोगांवीं दंगली उसळल्या. दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जाळलीं गेलीं, माणसें प्राणांस मुकलीं. ठरावाची अंमलबजावणी थांबली. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास, १९७९ चा लाँग मार्च, असा लढा सोळा वर्षें चालला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजीं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. आजही दर वर्षीं संक्रांतीच्या त्या दिवशीं हजारों लोक दूरदूरच्या खेड्यांतून विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशीं येतात, मस्तक नमवितात व पुस्तकें विकत घेऊन परत जातात. ज्यांच्यापैकीं अनेकांनीं महाविद्यालयाची पायरीही चढलेली नसते, अशा स्त्रीपुरुषांनीं विद्यापीठाच्या दारास तीर्थ मानावें, असें दृश्य फार थोड्या ठिकाणीं दिसत असेल.

त्याच वर्षीं नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ निघालें. सांप्रत येथील विद्यापीठाकडे छत्रपति संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे आहेत.

कारखाने व वस्ती

विद्येच्या पाठोपाठ उद्योग आला. १९६० नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें रेल्वे स्टेशनाजवळ व चिकलठाण्यास औद्योगिक वसाहती वसविल्या. पुढें वाळूज व शेंद्रा येथें त्याहून मोठ्या. १९८५ सालीं वाळुजेस बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून नगराची चालच पालटली. एका मोठ्या कारखान्याभोंवतीं सुटे भाग करणारे शेंकडों लहान कारखाने उभे राहतात. त्या प्रत्येकास फिटर, टर्नर, हिशेबनीस व इंजिनियर लागतात. हीं माणसें येथल्याच शिक्षणसंस्थांतून मिळूं लागलीं, हें नगराचें भाग्य. २००१ सालीं शेंद्र्यास स्कोडा मोटारींचा कारखाना आला. २०१९ सालीं शेंद्रा-बिडकीन येथील ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक नगरीचें उद्घाटन झालें. १९८१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ येथें सुरू झाल्यानें वकिलांची व पक्षकारांचीही वर्दळ वाढली. १९८३ सालीं वेरूळ व अजिंठा हीं दोन्ही स्थळें जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झालीं, व प्रवाशांचा ओघ वाढला.

लोकवस्तीचे आंकडेच पाहा. १९५१ सालीं सहासष्ट हजार. १९७१ सालीं सुमारें दीड लाख. १९९१ सालीं पावणेसहा लाख. २०११ सालीं पावणेबारा लाख. साठ वर्षांत सुमारें अठरा पट! १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. सिडको व हडको या वसाहतींनीं जुन्या तटाबाहेर दुसरें शहरच उभें केलें.

या लाटेबरोबर आपलेही लोक आले. कोणी कारखान्यांत, कोणी रुग्णालयांत परिचारिका म्हणून, कोणी शिक्षक म्हणून, तर कोणी केवळ मुलांच्या शिक्षणासाठीं. पोप सहावे पौल यांनीं १७ डिसेंबर १९७७ रोजीं अमरावती धर्मप्रांतांतून वेगळा काढून औरंगाबाद धर्मप्रांत स्थापिला, व महागुरु डॉमिनिक आब्रेओ हे त्याचे पहिले बिशप झाले. नगराची वाढ व धर्मप्रांताची स्थापना या दोन गोष्टी एकाच काळांतल्या आहेत हें विसरूं नये.

नगराचें आकर्षण

या नगरांत असें काय आहे कीं, बीड-धाराशिवचा तरुण गांवचें घर सोडून येथें येतो? केवळ पदवी हें उत्तर पुरेसें नाहीं. सकाळीं औरंगपुऱ्यांत वा उस्मानपुऱ्यांत फिरावें. अभ्यासिकांपुढें सायकली व दुचाक्या उभ्या असतात. आंत ऊसतोडीस गेलेल्या आईबापांचा मुलगा स्पर्धा परीक्षेचीं पुस्तकें उघडून बसलेला असतो. खाणावळींतून डबे निघतात. कित्येक विधवा व गरजू बायांचा संसार या डब्यांवर चालतो. झेरॉक्सचीं दुकानें, जुन्या पुस्तकांच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, खोल्या भाड्यानें देणारीं कुटुंबें, यांचें पोट विद्यार्थ्यांवरच भरतें. एका सरदाराची खरेदी हजार विद्यार्थ्यांच्या खरेदीहून मोठी असेल. पण सरदार एका हुकुमासरशीं निघून जातो, आणि विद्यार्थी एक गेला तर त्याच्या जागीं त्याचा धाकटा भाऊ येतो. दरबाराची अर्थव्यवस्था व विद्येची अर्थव्यवस्था यांतील भेद तो हाच.

शिवाय येथें अनेक संस्कृतींचा सहवास घडतो. जुन्या शहरांत नान-खलियाचा वास दरवळतो. गुलमंडीवर सुपारी मारुतीपुढें घंटा वाजते. नवरात्रांत कर्णपुऱ्याच्या यात्रेस सारें शहर लोटतें. १४ एप्रिलला भडकल दरवाजाजवळ आंबेडकर जयंतीची गर्दी होते. आणि नाताळांत आपल्या मंदिराचा गोठा पाहावयास सर्व धर्मांचीं मुलें येतात. येमेनसारख्या देशांतूनही विद्यार्थी येथें शिकावयास आले आहेत. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागानें व ‘जिगीषा’सारख्या संस्थेनें मराठी रंगभूमीस चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांच्यासारखे कलावंत दिले. अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ पत्रानें या भागास निर्भीडपणें बोलावयास शिकविलें. मुंबई-पुण्याच्या मानानें येथें राहणें स्वस्त आणि माणसें बोलावयास मोकळीं. खेड्यांतून आलेल्या मुलास हें शहर फार परकें वाटत नाहीं.

पुढें काय?

स्तुति पुरे झाली. आतां दोन उणिवा सांगणें अवश्य आहे.

पहिली पाण्याची. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें लोकार्पण झालें. तेंच नाथसागराचें पाणी आज शहर पितें. परंतु मलिक अंबराचें पाणी उतारावरून आपोआप येई. जायकवाडीचें पाणी चढावर उपसून आणावें लागतें. वस्ती वाढली, जलवाहिनी पुरेनाशी झाली, आणि धरण जवळ असूनही नळास कित्येक दिवसांआड पाणी येण्याचे प्रसंग नागरिकांनीं वर्षानुवर्षें सोसले. २०२० सालीं नव्या मोठ्या जलवाहिनीचें काम हातीं घेण्यांत आलें. ज्या नगराच्या संस्थापकानें भुयारें खणून पाणी आणिलें, त्या नगरांतील विद्यार्थिनीनें परीक्षेच्या दिवसांत टँकरची वाट पाहत बसावें, ही गोष्ट लाजिरवाणी खरी.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पदवी घेतलेले अनेक तरुण कामासाठीं पुण्यास व मुंबईस जातात. येथें त्यांच्या विद्येस साजेसें काम थोडें. आणि जे शिकावयास येतात त्यांस भाड्याची खोली देतांना आडनांव विचारलें जातें, जात चांचपली जाते, धर्म पाहिला जातो. ज्ञानदेवांस पैठणांत जें सोसावें लागलें, नामविस्ताराच्या काळांत खेड्यापाड्यांत जें घडलें, त्याचाच हा सौम्य परंतु जिवंत अवशेष होय. विद्यापीठाच्या दारावर आतां कोणी अडवीत नाहीं. घराच्या दारावर अजून अडविलें जातें.

प्रिय वाचकहो, या दुसऱ्या उणिवेच्या बाबतींत आपण सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्यापैकीं बहुतेक जण या नगरांत कधीं तरी पाहुणेच होते. कोणी तरी पहिली खोली दिली, कोणी तरी पहिल्या महिन्याचें भाडें थांबवून घेतलें, म्हणून आपले पाय येथें टेकले. ज्युबिलीचा अर्थच मुळीं बंधमुक्ति व नवा आरंभ असा आहे. ज्यांच्या घरीं एखादी खोली रिकामी असेल त्यांनीं ती विद्यार्थ्यास द्यावी, व देतांना त्याचें आडनांव न विचारतां तो कोणत्या विषयाचा अभ्यास करतो एवढेंच विचारावें. धर्मग्रामाच्या दिवाणखान्यांत संध्याकाळचे चार तास दिवे लावून अभ्यासिका उघडावी. तींत कोणत्याही धर्माच्या मुलास बसतां यावें. ज्यांनीं येथें शिकून बाहेर नांव मिळविलें त्यांनीं येथील एका तरी मुलाचा खर्च उचलावा. सोर्बोनचा आरंभ याहून मोठ्या गोष्टीनें झाला नव्हता.

दरबारानें वसविलेलें नगर दरबाराबरोबर गेलें. विद्येनें वसविलेलें नगर टिकेल; परंतु तें टिकणें राजाच्या मर्जीवर अवलंबून नसून घरोघरच्या माणसांच्या मनावर अवलंबून आहे. ज्या दिवशीं खेड्यांतून आलेल्या शेवटच्या मुलास येथें पाणी, खोली व काम मिळेल, त्या दिवशीं खडकीचें विद्यानगर झालें असें आम्ही म्हणूं. तो दिवस जवळ आणण्याचें बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो, इतकें लिहून आम्ही वाचकांची रजा घेतों.